आधी बोट, मग तोंड

मित्रांनो, काचेला नाक लावून तुम्ही जिच्याकडे बघताय, ती मी एक जुनी एनॅमलची थाळी. मध्ये पांढरी, काठाला निळी रेघ, आणि टवके उडालेल्या जागी आतलं लोखंड दिसतंय. बंदर आणि शेजारची वस्ती यांच्या सल्लागार समितीची ही मानाची थाळी, असं तुमच्या बाईंनी तुम्हाला सांगितलंच असेल. मान आहे खरा. पण एकदा मान मिळाला की माणसाला काय आणि थाळीला काय, कोणी काम सांगत नाही. तुमची बस निघायला अजून वेळ आहे, तोवर माझी हकिकत ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची चकती यंत्राखाली दाबली आणि मी थाळी होऊन बाहेर पडले. मग मला पांढऱ्या दाट रंगात बुचकळलं, वाळवलं आणि भट्टीत घालून खरपूस भाजलं. शेवटी एका कामगाराने मला फिरत्या चाकावर धरून काठाला निळी रेघ ओढली. तो नेमका त्याच वेळी शिंकला असावा, कारण माझी रेघ एका जागी चांगली बोटभर जाड आहे. अशी थाळी खरं तर बाजूला काढायची, पण त्याने बघून न बघितल्यासारखं केलं आणि मी इतर थाळ्यांबरोबर बंदराच्या खानावळीत पोहोचले.

खानावळीत फार गडबड असे. हमाल, ट्रकचालक, कारकून सगळे एकाच रांगेत उभे राहत. त्यात एक क्रेनचालक होता. उंच क्रेनच्या खोपटात दिवसभर एकटा बसायचा, म्हणून खाली आला की दुप्पट बोलायचा. त्याला सगळे नाना म्हणत. जाड रेघेमुळे नाना मला ओळखू लागले. मी ढिगात खाली असले तर वरच्या थाळ्या बाजूला करून मला काढत. रांगेतले लोक चिडत. "अहो नाना, थाळी काय चाटायची आहे का? घ्या कुठलीही!" नाना म्हणत, "ओळखीच्या ताटात दोन घास जास्त जातात." ते दिवस माझ्या सुखाचे होते, मित्रांनो.

पुढे खानावळीत कप्प्याकप्प्यांची स्टीलची ताटं आली. आम्हाला पोत्यात भरून भंगाराच्या कोपऱ्यात टाकलं. त्याच सुमाराला नाना निवृत्त झाले. निरोपाला त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते त्यांनी एका हातात घेतलं, मुकादमाला विचारून मला पोत्यातून काढलं आणि दुसऱ्या काखेत मारलं. घरी सुनेने दार उघडलं आणि ती हसू लागली. "नाना, घड्याळ समजलं. ही थाळी कसली?"

"ही माझी सोबतीण," नाना म्हणाले. अशा रीतीने बंदर माझं माहेर झालं आणि वस्ती सासर.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. सुनेला सगळी वस्ती वहिनी म्हणायची. तिचा नवरा जहाजावर खलाशी, वर्षातले बरेच महिने बाहेर. वहिनी पुढच्या खोलीत शिवणयंत्र घेऊन बसायची आणि शाळेचे पांढरे सदरे शिवायची. त्याच खोलीत एक मोठी खिडकी होती. खिडकीपाशी नानांची खुर्ची. तिथून धक्का, क्रेन आणि येणारीजाणारी जहाजं दिसत. कुठलं जहाज भरलेलं आहे, कुठलं रिकामं, कुठला क्रेनचालक नवखा आहे, हे नाना खिडकीतून सांगत आणि वहिनी मान वर न करता "हं" म्हणत असे. वर्षाचे बरेच महिने सासरा आणि सून, दोघंच असत त्या घरात. खिडकी होती म्हणून घर भरल्यासारखं वाटायचं.

मग बंदरात कोळसा येऊ लागला. मोकळ्या जागेवर त्याचे ढीग उभे राहिले. वारा वस्तीकडे वळला की खिडकीची पट्टी काळी व्हायची. वहिनीच्या सदऱ्यांवर राखाडी छटा चढू लागली, धुतले तरी शिवणीत काळी रेघ राहायची. नानांना खोकला लागला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि स्पष्ट सांगितलं, "खिडकी कायमची बंद ठेवा."

"खिडकी बंद करून काय भिंतीकडे बघत बसू?" नाना म्हणाले. "क्रेनवरून उतरलो, तेवढं उतरणं पुरे झालं."

वस्तीत घरोघरी हेच चाललं होतं. आरडाओरडा झाला, मोर्चा निघाला, फाटकावर दगडही पडले. शेवटी बंदराने सांगितलं की आपण एक सल्लागार समिती करू. काही माणसं बंदराची, काही वस्तीची. अध्यक्ष म्हणून शाळेच्या मुख्याध्यापक बाई, कारण त्यांच्यापुढे आवाज चढवायची दोन्हीकडच्या लोकांना लहानपणापासून भीती होती. आणि जागा ही, आत्ता तुम्ही उभे आहात ती, फाटकावरची खोली.

पहिल्या बैठकीला नाना मला पिशवीत घालून घेऊन आले. बंदराकडून एक साहेब आले होते. ऊन असो, पाऊस असो, त्यांच्या हातात काळी छत्री, म्हणून त्यांना छत्रीवाले साहेब म्हणत. त्यांनी भिंतीवर तक्ते लावले आणि यंत्रांची मोजमापं समजावली. धूळ मर्यादेत होती म्हणे. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून मला काढून टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"साहेब, हातच्या कांकणाला आरसा कशाला? ही थाळी काल सकाळी पुसून खिडकीत ठेवली होती. फिरवा बोट."

छत्रीवाल्या साहेबांनी माझ्यावर बोट फिरवलं. बोट काळंभोर झालं. साहेबांच्या खिशात पांढरा स्वच्छ रुमाल होता, त्याला पुसायचा धीर होईना. सबंध बैठकभर ते एक बोट वर धरून बसले. बोलायला परवानगी मागताहेत असं समजून बाई दर थोड्या वेळाने त्यांना म्हणत, "हं, बोला साहेब." शेवटी सगळ्यांना हसू फुटलं. साहेबही हसले. त्या खोलीत दोन्ही बाजू पहिल्यांदाच एकत्र हसल्या, आणि मग बोलणं सुरू झालं.

त्या दिवशी नानांनी नियम घालून दिला, "आधी बोट, मग तोंड." ज्याला समितीत बोलायचं आहे त्याने आधी थाळीवर बोट फिरवायचं. तक्रार करणाऱ्यानेही आणि उत्तर देणाऱ्यानेही. मला बैठकीच्या आदल्या सकाळी खिडकीत ठेवायचं आणि न पुसता इथे आणायचं.

मित्रांनो, मी कोणाचीच बाजू घेतली नाही. एकदा माझ्यावर जाड थर बसला आणि वस्तीतले लोक तावातावाने उठले. साहेबांनी बोट नाकाशी नेलं आणि म्हणाले, "हा कोळसा नव्हे, राख आहे. कचरा कोण जाळतंय?" दुसऱ्या दिवसापासून वस्तीतला कचरा जाळणं थांबलं आणि बंदराची गाडी तो उचलायला येऊ लागली. बंदराने ढिगांवर पाण्याचे फवारे बसवले. ट्रकवर ताडपत्री आली. साहेब अधूनमधून मला पिशवीत घालून बंदराच्या मोठ्या कचेरीत घेऊन जात. परत आल्यावर नानांना सांगत, "नाना, मी तासभर बोललो तर वरचे साहेब जांभया देतात. ही थाळी पुढे ठेवली की पंप मंजूर होतो."

फवारे सुरू झाले आणि वहिनीचे सदरे पांढरे राहू लागले. नानांचा खोकला बसला. खिडकी उघडी राहिली. संध्याकाळी खालून जाताना साहेब छत्री उंचावत आणि वरून नाना मला उंचावत. माझ्या आयुष्यात मी इतकी कामाची कधीच नव्हते.

आता पुढचं सांगताना मला जड जातं.

एका दुपारी नाना खुर्चीतच कोसळले. वहिनी एकटी घरात. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी अडकली, कारण बंदराच्या ट्रकांची रांग गल्लीत शिरली होती. छत्रीवाले साहेब ती रांग हटवायला आले होते. वहिनीची हाक ऐकून ते छत्री टाकून जिने चढले, नानांना पाठीवर घेतलं आणि ट्रकांच्या फटींतून वाट काढत रुग्णवाहिकेपर्यंत नेलं. नाना वाचले. पाय मात्र अधू झाले, जिना उतरणं संपलं आणि खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत त्यांचा पलंग लागला. समितीत नानांच्या जागी वहिनी जाऊ लागली.

पहिल्याच बैठकीच्या सकाळी तिने मला खिडकीतून उचललं. माझ्यावर धूळ होती. फार नव्हे, पण होती. फवाऱ्यांची काही तोंडं बुजली होती, त्यामुळे ढिगाची एक बाजू कोरडी राहत होती. वहिनी माझ्याकडे बघत उभी राहिली. मग नाना पलीकडच्या खोलीत आहेत हे बघून, हळू आवाजात स्वतःशीच म्हणाली, "ज्या माणसाने सासऱ्यांना पाठीवर घेतलं, त्याच्यापुढे अशी काळी थाळी कुठल्या तोंडाने ठेवू?"

आणि तिने मला घासलं.

मित्रांनो, तिच्या जागी तुमची आई असती तर तिनेही हेच केलं असतं. पाहुण्यापुढे मळकी थाळी ठेवायची नाही, हे आपल्याला पाटावर बसवून शिकवलेलं असतं. आणि उपकार करणाऱ्या पाहुण्यापुढे तर नाहीच नाही. तिने मला कोरडं केलं, पदराने पुन्हा पुसलं आणि बैठकीला नेलं. साहेबांनी बोट फिरवलं. बोट स्वच्छ! त्यांचा चेहरा खुलला. "वहिनी, आपण जिंकलो म्हणायचं!" वहिनी खाली बघून हसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडले असते.

एकदा घासल्यावर पुढच्या वेळी न घासता नेणं आणखी अवघड. काल स्वच्छ होती ती आज काळी कशी, असं कोणी विचारलं तर? वहिनी दर वेळी मला घासत राहिली. बैठका फार गोड होऊ लागल्या. कोणाचा आवाज चढेना. बाई म्हणाल्या की अशी समिती दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही. एकदा चहाबरोबर बिस्किटं आली आणि ठेवायला ताटली सापडेना, तेव्हा कोणीतरी सहज ती माझ्यात ओतली. बोट फिरवायच्या जागी आता बिस्किटं होती. नियम कोणी मोडला नाही, तो आपोआपच विसरला गेला.

साहेबांना काहीच दिसलं नाही का? दिसलं असावं. नानांना भेटायला ते घरी आले, तेव्हा खिडकीच्या पट्टीवरची काळी रेघ त्यांनी पाहिली. त्यांचं बोट तिकडे गेलं आणि मध्येच थांबलं. यजमानाच्या घरातली धूळ बोटाने पुसून दाखवायची म्हणजे घरच्या बाईचा अपमान. ती काही म्हणत नाही, तर आपण कसं म्हणावं, असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी चहा घेतला, नानांची चौकशी केली आणि छत्री उचलून गेले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते असं. इथे दोन भली माणसं एकमेकांची भीड बाळगत होती आणि मध्ये एका म्हाताऱ्याची छाती भरत चालली होती.

नाना रोज विचारत, "सूनबाई, थाळी काय म्हणाली?"

"सगळं ठीक आहे, नाना. साहेब तुमची आठवण काढत होते."

नाना खोकत. त्यांचा थाळीवर विश्वास होता. हा खोकला मग म्हातारपणाचाच असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. माझ्या नावावर त्यांनी स्वतःच्या छातीवरचा विश्वास सोडला.

बंदराच्या मोठ्या कचेरीत दरम्यान दुसराच विचार चालला होता. वस्तीची तक्रार नाही, समितीत टाळ्या वाजताहेत, मग इतकं पाणी कशाला? एक पंप पलीकडच्या धक्क्यावर नेला. मग दुसराही नेला. साहेबांनी विरोध केला, पण पुढे ठेवायला त्यांच्याजवळ होतं काय? एक घासलेली थाळी.

एका संध्याकाळी वहिनीने बैठकीहून येऊन पिशवी नानांच्या पलंगाशी ठेवली आणि ती चूल बघायला गेली. नानांनी सवयीने मला बाहेर काढलं. कौतुकाने बोट फिरवलं. बोटाला बिस्किटाचा चुरा लागला.

त्यांनी तो चुरा बोटावर तसाच ठेवला. मग त्यांनी हाक मारली. वहिनी आली आणि दारातच थबकली.

"थाळीत बिस्किटं, सूनबाई?"

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सगळं सांगितलं. नाना रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत.

"ताकाला जाऊन भांडं लपवलंस, पोरी. अगं, त्या माणसाने मला पाठीवर घेतलं, ते तू काही बोलू नये म्हणून घेतलं का? त्याला तुझी भीड नको होती. त्याला ही थाळी हवी होती."

"मला तो कृतघ्नपणा वाटला असता हो नाना."

"मग त्याला रिकाम्या हाताने वरच्या साहेबांपुढे उभं केलंस, ते काय झालं?"

दुसऱ्या सकाळी नाना पलंग धरत, भिंत धरत खिडकीपर्यंत गेले आणि त्यांनी स्वतः मला पट्टीवर ठेवलं. पुढची बैठक येईपर्यंत हात लावायचा नाही, असं बजावलं. बैठकीच्या दिवशी वहिनीने मला उचललं तेव्हा माझी निळी रेघसुद्धा दिसत नव्हती.

या टेबलावर तिने मला ठेवलं आणि बिस्किटांचा पुडा हातात धरलेला शिपाई तसाच उभा राहिला. साहेबांनी बोट फिरवलं. या वेळी कोणी हसलं नाही.

"किती दिवसांची आहे ही?" त्यांनी विचारलं.

"मागच्या बैठकीपासूनची," वहिनी म्हणाली. "पण काळी ती त्याआधीपासून होतेय. मी घासून आणत होते. तुम्ही आमच्यासाठी इतकं केलंत, मला धीर झाला नाही."

साहेबांनी डोकं हातात धरलं. "वहिनी, मी तुमची खिडकी पाहिली होती. मीही बोललो नाही. आता पंप गेले. पुढच्या वर्षीच्या आत परत येणार नाहीत."

मग सगळे कामाला लागले. आधी बोट, मग तोंड हा नियम परत आला. वस्तीतल्या बायका आणि बंदराचे कामगार मिळून ढिगांवर ताडपत्र्या ओढू लागले. साहेब मला काखेत घेऊन कचेऱ्या पालथ्या घालू लागले. पण पंप येईपर्यंत नानांची छाती थांबायला तयार नव्हती. डॉक्टर म्हणाले, ही हवा आता त्यांना चालायची नाही. नानांची मुलगी दूर आतल्या गावात राहत होती, ती न्यायला आली.

निघताना नाना खुर्चीत बसून शेवटचं एक जहाज आत येईपर्यंत थांबले. खाली उतरवायला साहेबच आले. पुन्हा पाठीवर घेतलं. जिन्यात नाना म्हणाले, "साहेब, तिकडे म्हणे सगळी शेतं आहेत. क्रेन एकही नाही."

"पंप बसले की मी स्वतः तुम्हाला आणायला येतो, नाना."

"या. आणि येताना थाळी घेऊन या. तुमच्या तोंडी शब्दावर मी यायचा नाही." जिन्यात दोघेही हसले. वहिनी वरच राहिली होती. तिने खिडकी लावून घेतली आणि कडी घातली.

पंप आले, मित्रांनो. पुढच्या वर्षी खरंच आले, आधीपेक्षा मोठे. वरातीमागून घोडं, पण आलं. ढीग भिजले, हवा निवळली. साहेब मला पिशवीत घालून नानांना आणायला निघणार होते, त्याच आठवड्यात वहिनीला गावाकडून निरोप आला. नाना शेताकडे तोंड करून बसत म्हणे, आणि दूरच्या एका पाण्याच्या टाकीला क्रेन समजून तिच्यावर कोण चालक आहे ते मुलीला सांगत. तसेच एका दुपारी गेले.

त्यानंतर समितीने माझा मान केला. हे काचेचं कपाट बनवलं, खाली पितळी पाटी लावली. वहिनी त्या दिवशी आली होती. तिने मला आत ठेवण्याआधी पदर पुढे केला, मग तो मागे घेतला आणि मला तशीच ठेवली. साहेब छत्री उघडून खिडकीपाशी उभे होते, खोलीच्या आत. त्यांना ते कळलंच नाही आणि कोणी त्यांना सांगितलंही नाही.

आता दर शनिवारी इथल्या मावशी ओलं फडकं घेऊन येतात, कपाट उघडतात आणि मला लख्ख पुसतात. पाहुणे येतात, म्हणतात, किती छान जपली आहे! टेबलावर स्टीलच्या ताटलीत बिस्किटं असतात. बैठका पुन्हा गोड झाल्या आहेत. मला तेच सलतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला पुसा. मी मात्र उलटं मागते. मला इथून बाहेर काढा, एखाद्या खिडकीत ठेवा आणि घासू नका. पाहुणा कितीही मोठा असो, कितीही भला असो, घासू नका. जो तुमचा खरा शेजारी आहे, त्याच्यापुढे मळकी थाळी ठेवायला लाजू नका. भल्या माणसाला आपलं दुखणं न सांगणं म्हणजे त्याच्या भलेपणाला कुलूप लावणं आहे.

ते बघा, तुमच्या बाई हाक मारताहेत. तुमची बस आली. मावशींचं फडकं माझ्यावर फिरतं, कपाटाच्या बाहेरच्या काचेवर नाही. जाता जाता तिच्यावरून एकदा बोट फिरवा. आणि बोटाला जे लागेल, ते पुसायच्या आधी कोणाला तरी दाखवा.